मावशींचं स्टिअरिंग

आमच्या घरमालकीणबाईंना भेटायचं असेल तर घराचं दार वाजवून उपयोग नसे. अंगणात जायचं, तिथे उभ्या असलेल्या जुन्या ट्रकच्या उजव्या दाराखाली थांबायचं आणि मान वर करून हाक मारायची. मावशी ड्रायव्हरच्या सीटवर बसलेल्या असत. मांडीवर मटारची परात नाहीतर पेपर, समोरच्या फळीवर चहाचा पेला. पाणी आलं नाही, वरचा भाडेकरू रात्री खुर्च्या सरकवतो, पंखा कुरकुरतो, सगळ्या तक्रारी तिथेच ऐकल्या जात. माणूस खाली उभा असला की मुद्द्याचं बोलतो आणि लवकर आटपतो, असं त्यांचं म्हणणं होतं. मी तिथे राहिलो तेवढ्या काळात तरी कुणाला ते खोटं पाडता आलं नाही.

तळेगाव दाभाड्यात, एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या गल्लीत त्यांच्या खोल्या होत्या. मी मूळचा लातूरकडचा. महाळुंग्याच्या एका कंपनीत नुकता लागलो होतो आणि खोली शोधत त्या ट्रकखाली जाऊन उभा राहिलो. मावशींनी गाव विचारलं, मग काम विचारलं. लाइनवर गाड्यांना स्टिअरिंग बसवतो म्हटल्यावर त्यांनी परात बाजूला ठेवली आणि खिडकीतून पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

"दिसभर स्टिअरिंग बसवतोस," त्या म्हणाल्या, "आन् फिरवतोस कदी?"

फिरवत नाही, मला मोटारसायकलशिवाय काहीच चालवता येत नाही, असं मी खरं ते सांगितलं. त्यांना माझी इतकी कीव आली की बाकी काही न विचारता त्यांनी खोलीची किल्ली खिडकीतून खाली टाकली.

ट्रक त्यांच्या मालकांचा. मालक म्हणजे यजमान. त्या नवऱ्याचा उल्लेख तसाच करत. त्या दोघांनी याच गाडीवर विटा, वाळू, कांदा, काय काय वाहिलं होतं. मालकांनी बायकोला हौसेनं गाडी शिकवली, आधी मोकळ्या वावरात आणि मग रस्त्यावर. मावशींकडे अवजड वाहनाचं लायसन होतं आणि ते देव्हाऱ्यात असे. पूजा करताना त्यालाही हळदीकुंकवाचं बोट लागे, त्यामुळे त्यावरच्या फोटोत त्या कायम लग्नाला निघाल्यासारख्या दिसत. मालक जाऊन काही वर्षं झाली होती. गाडी तेव्हापासून अंगणातच होती, पण तिचे कागद, पासिंग, सगळं मावशींनी जिवंत ठेवलं होतं.

दर शनिवारी सकाळी त्या इंजिन चालू करत. आधी थोडा खोकला, मग काळा धूर, आणि मग सगळ्या खोल्यांच्या काचा थरथरू लागत. बायका आधीच दोरीवरचे कपडे काढून ठेवत. एक कोकणातले गृहस्थ नवीन राहायला आले होते, ते धुरावरून भांडायला गेले. मावशींनी त्यांना वर बोलावलं, शेजारच्या सीटवर बसवलं आणि चहा दिला. काय बोलणं झालं कोण जाणे, पण पुढच्या शनिवारपासून "कपडे काढा" अशी आरोळी तेच गृहस्थ देऊ लागले.

माणसांचं सगळं काही त्यांना गाडीवरून कळे. मला ताप आला तेव्हा कपाळाला हात लावून त्या म्हणाल्या, "इंजान तापलंय, आज उभी ठेव," आणि मला कंपनीत जाऊ दिलं नाही. पण त्यांची खरी हुकमत होती हॉर्नवर. पाळी सुटायच्या आणि भरायच्या वेळी कंपन्यांच्या बसेस गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजवत. मावशी सीटवर बसल्या बसल्या सांगत, हा घरी भांडून आलाय, ह्याला झोप न्हाई, हा नवा हाय आन् भितोय. एकदा आमच्याच बसच्या ड्रायव्हरबद्दल म्हणाल्या की तो उपाशी आहे, आणि मला भाकरी-पिठल्याचा डबा घेऊन पिटाळलं. मी ओशाळून तो डबा त्याच्यापुढे धरला, तर त्यानं काहीही न विचारता बस बाजूला घेऊन तो संपवला. त्यानंतर आमची बस माझ्यासाठी थोडी जास्त थांबू लागली.

त्यांच्या स्वतःच्या गाडीचा हॉर्न मात्र मुका होता. स्टिअरिंगच्या मधलं बटण कधीच गेलेलं. मालकांनी त्यावर उपाय म्हणून घराच्या दाराला असते तसली बेल खाली पायांपाशी बसवली होती. मालक उंच, त्यांचा हात सहज पोचत असे. मावशी बुटक्या. त्या बेल दाबायला वाकल्या की त्यांचं डोकं काचेखाली जाई आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटे गाडी आपोआप चाललीय. स्टिअरिंगचीही तीच गत. कडक, बारीक कडीचं ते जुनं चाक जागोजागी तडकलेलं होतं. त्यावर मालकांनी धोतराच्या पट्ट्या गुंडाळल्या होत्या. मावशींची बोटं सांध्यात दुखत आणि ते तडे तळहाताला चावत.

हे सगळं तसंच चालू राहिलं असतं, पण गणपतीला त्यांचा मुलगा आला. तो हिंजवडीत नोकरीला आणि वाकडला राहायला. भला माणूस, आईला फोन केल्याशिवाय त्याचा दिवस जात नसे. त्या दिवशी आई ट्रकमधून उतरताना तिचा पाय पायरीवरून सटकला. दार धरलं म्हणून बचावली. मुलगा हादरला. त्यानं त्याच संध्याकाळी ट्रकखाली उभं राहून विषय काढला. गाडी भंगारात देऊ, त्या जागेवर दोन खोल्या काढू, तुला खाली गादीवर बसायला ओटा बांधू. त्याचं बोलणं वावगं नव्हतं. आम्ही भाडेकरू आपापल्या दारांत उभे राहून ऐकत होतो आणि मनातल्या मनात त्याला दुजोराही देत होतो.

मावशी सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, "चालवून दावली तर?"

मुलाला हसू आलं असावं, पण त्यानं ते आवरलं. दरवर्षी दसऱ्याला पूजा झाली की एक ओळखीचा ड्रायव्हर येऊन ट्रक चौकापर्यंत फिरवून आणत असे. पुजलेली गाडी जागची हलली पाहिजे, नाहीतर तिचा देव होतो आणि मग ती पुन्हा कधी चालत नाही, अशी मावशींची समजूत. मुलगा म्हणाला, यंदा ड्रायव्हर बोलवू नको. तू एकटीनं गाडी गेटाबाहेर काढ, चौकापर्यंत ने आणि आण. एक ओरखडा पडता कामा नये. जमलं तर मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही जमलं तर दिवाळीनंतर भंगारवाला येईल. मावशींनी खिडकीतून हात खाली केला आणि मुलानं त्यावर टाळी दिली.

दुसऱ्याच दिवशी मी कामावरून आलो तर मावशींनी मला ट्रकखाली बोलावून घेतलं. नवीन स्टिअरिंग आणि नवीन हॉर्न बसवायचा, आणि ते मी बसवायचं. रोज तेच तर करतोस, म्हणाल्या. कंपनीत माझ्यापुढे यंत्रानं सगळं आणून ठेवलेलं असतं, मी फक्त चाक ठेवतो आणि नट आवळतो, हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकलं आणि गुरुवारच्या सुट्टीला लवकर तयार राहा म्हणाल्या.

लोकलनं आम्ही दापोडीला गेलो. तिथे मालकांच्या दोस्ताचं, चाचांचं, ट्रकच्या सामानाचं दुकान होतं. गोंडे, आरसे, रंगीत दिवे, सीटकव्हरं, सगळं छतापासून लोंबत होतं. चाचांनी मावशींना प्लास्टिकच्या स्टुलावर बसवलं आणि स्टिअरिंगं काढली. मला एक लहानसं, लाल शिलाईचं, फार देखणं वाटलं. मावशींनी ते हातात घेतलं, पाय पुढे रोवले, डोळे अर्धवट मिटले आणि गाडी चालवायला सुरुवात केली.

मी हे गमतीनं लिहीत नाही. त्या भर रस्त्यावर, दुकानाच्या दारात, स्टुलावर बसून त्या हवेत स्टिअरिंग फिरवत होत्या. तोंडानं गिअरचा आवाज, पायानं क्लच. दोन स्कूटरवाले थांबले. कॉलेजची मुलं थांबली. कुणीतरी अदबीनं विचारलं, कुठवर आलात, तर मावशी डोळे न उघडता म्हणाल्या, "कामशेत." मला कुठे तोंड लपवावं कळेना. खंडाळ्याच्या वळणावर त्यांनी ते लाल चाक खाली ठेवलं. एवढ्याशा चाकानं जड गाडी वळवायची तर दंड भरून येतील, म्हणाल्या. मग एक मोठं, जाड आणि मऊ कडीचं काळं चाक घेतलं. ते घेऊन त्या घाट चढल्या आणि उतरल्यासुद्धा. गर्दीतल्या एकानं टाळ्या वाजवल्या.

हॉर्न निवडणं याहून अवघड गेलं. चाचांनी आधी गाण्याचा हॉर्न काढला. गाणं ऐकायला घरात रेडिओ हाय, म्हणून मावशींनी तो परत केला. दुसरा इतका कर्कश होता की समोरच्या टपरीवरच्या माणसाचा चहा सांडला. मग त्यांनी स्वतःच परीक्षा ठरवली. त्या रस्त्यानं पाठ करून चालायला लागल्या आणि चाचांनी मागून एकेक हॉर्न वाजवायचा. प्रत्येक हॉर्नला त्या थांबत, विचार करत आणि मान हलवून पुढे चालू लागत. चाचा घामाघूम झाले. "भाभी, हॉर्न हाय हा, स्थळ नाही बघायचं," ते म्हणाले.

"मागनं आयकलं की बाजूला व्हावंसं वाटलं पायजे," मावशी तिकडून म्हणाल्या, "वळून भांडावंसं न्हाई."

शेवटी एका दोन सुरांच्या, जाड आवाजाच्या हॉर्नला त्या नकळत फुटपाथवर चढल्या. तोच घेतला.

पुढच्या गुरुवारी चाचा हॉर्नची वायर ओढायला तळेगावला आले. जुनं चाक काढणं हाच एक सोहळा झाला. मधला नट सुटला, पण चाक दांड्यावरच्या खाचांमध्ये गंजून बसलेलं. तेल सोडलं, चाक ओढून काढणारा पुलर लावला, हलक्या हातानं ठोकलं. दुपारी जेवणं झाल्यावर ते एकदम हातात आलं आणि मी सीटवर उताणा पडलो. मावशींनी ते पदरानं पुसून घरात नेलं. मला वाटलं, आता मालकांच्या फोटोशेजारी लागणार. त्यांनी ते स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवलं आणि त्याच्या कडीला झारा, पळी, उलथणं टांगून टाकलं. मालकांना खायची आवड व्हती, एवढंच म्हणाल्या.

नवीन चाक मी बसवलं. आमच्या लाइनवर शिकवलं होतं तसं, मधल्या दोन आऱ्या अगदी आडव्या रेषेत. मोबाइलवरचं पातळी मोजायचं अॅप लावून पाहिलं, बुडबुडा बरोबर मध्ये. नट आवळला, हॉर्नचं बटण दाबून बसवलं. चाचांनी वायर जोडली. हॉर्न वाजला तेव्हा सगळे भाडेकरू बाहेर आले आणि मी एखाद्या कारागिरासारखा हात पुसत खाली उतरलो.

मावशींनी गाडी अंगणात थोडी पुढे घेतली आणि थांबल्या. "पोरा," त्या वरून म्हणाल्या, "गाडी सरळ चाललीया, आन् चाक वाकडं हसतंय."

झालं होतं असं, की लाइनवर माझ्यापुढे येणाऱ्या प्रत्येक गाडीची पुढची चाकं सरळच असतात. तशी ती येतात यात काही विशेष आहे, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. मावशींची गाडी अंगणातल्या विहिरीचा कठडा चुकवून उभी केलेली, तिचे टायर वळलेले. मी वळलेल्या टायरांवर सरळ स्टिअरिंग बसवलं होतं. चाचा हसता हसता खाली बसले. मी पुन्हा पाना हातात घेतला, पण मावशींनी हात लावू दिला नाही. आऱ्या आडव्या असल्या की त्यांच्या उंचीच्या माणसाला ऑइलचा काटा दिसत नाही आणि आता फटीतून तो स्वच्छ दिसतो, असा त्यांना शोध लागला होता. मालकांनाबी हे सुचलं न्हाई, म्हणाल्या, आणि दोन दिवस ते सगळ्यांना सांगत सुटल्या.

दसऱ्यापर्यंत त्या रोज अंगणात गाडी पुढे-मागे करत. गेटाबाहेर मात्र गेल्या नाहीत. पेपर आधी फोडायचा नाही म्हणाल्या.

दसऱ्याला सकाळी मुलगा आला. झेंडूचं तोरण, टायरखाली लिंबं, नारळ, सगळं झालं. मावशी नवं लुगडं नेसून, डोळ्यांवर चष्मा घट्ट करून पाटावर पाय देत वर चढल्या. मुलगा घराच्या पायरीवर हाताची घडी घालून उभा राहिला. डाव्या बाजूला उभं राहून अंतर सांगायचं काम माझ्याकडे होतं, कारण जुन्या ट्रकमध्ये ड्रायव्हरला डावीकडचं जवळचं काही दिसत नाही.

मालकांच्या काळी गेटासमोर मोकळी जागा होती. आता समोरच्यानं भिंत घातलेली. गाडी बाहेर काढता काढता उजवीकडे वळवावी लागे आणि त्या वेळी डावी बाजू गेटाच्या खांबाला घासायला बघे. मावशींनी हॉर्न एकदा दाबला, गल्लीतली माणसं थांबली आणि ट्रकचं तोंड गेटात आलं. मी ओरडू लागलो. थोडं उजवीकडे, आता थांबा, आता मागे. इंजिनाच्या आवाजात माझं मलाच ऐकू येईना. खांब हातभर अंतरावर आला, मी घाबरून "सरळ करा, सरळ करा" म्हणून किंचाळलो.

मावशींनी मान बाहेर काढली. "कुणाचं सरळ? तुजं का गाडीचं?"

इंजिन बंद पडलं. मावशींनी पुन्हा चालू केलं, जरा पुढे घेतलं, आणि खांब वितीवर आला. इथून पुढे गेलं तर घासणार की नाही, मला सांगता येईना. मावशींनी माझ्याकडे पाहिलं आणि माझा चेहरा बघून त्यांनी ब्रेक दाबून धरला. मी पायरीकडे पाहिलं. मुलगा पैज जिंकत होता, पण त्याच्या तोंडावर जिंकल्याचं काही नव्हतं. तो आईकडे बघतच नव्हता. त्याची नजर ट्रकच्या डाव्या अंगावर होती.

तो पायरी उतरला, माझ्या खांद्याला धरून त्यानं मला बाजूला केलं आणि डाव्या बाजूच्या पत्र्यावर तळहातानं दोन थापा मारल्या. गाडी हलली. एक थाप मारली, गाडी थांबली.

मला नंतर कळलं, की क्लीनरचा आवाज इंजिनापुढे पोचत नाही, पण पत्र्यावरची थाप सीटपर्यंत जाते. दोन म्हणजे येऊ द्या, एक म्हणजे थांबा. हा मुलगा शाळेच्या सगळ्या सुट्ट्या वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, गाडीवर क्लीनर होता. एवढी वर्षं तो हिंजवडीच्या गार ऑफिसात बसत होता, पण हाताला सगळं आठवत होतं. तो पत्र्यावर हात ठेवून गाडीबरोबर चालत राहिला. मधेच थाप, मधेच नुसता हात. दोघं एकमेकांना दिसत नव्हते आणि एक शब्द बोलले नाहीत. ट्रकचं मागचं टोक खांबापासून सुटलं तेव्हा तो थांबला आणि हात झटकले.

मावशींनी मला वर बोलावलं. चौकापर्यंत जाऊन आलो. रस्ता सरळ होता, स्टिअरिंग तिरकं होतं आणि मावशी त्या फटीतून काट्यावर नजर ठेवून होत्या. वाटेत एका स्कूटरवाल्याला त्यांनी हॉर्न दिला. तो बाजूला झाला आणि वर हातही केला. मावशींनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी आयुष्यात इतकं सुखी माणूस इतक्या जवळून पाहिलं नव्हतं.

परत आलो तर मुलगा गेटातच उभा होता. थापा देत त्यानं गाडी आत घेतली. मावशींनी इंजिन बंद केलं. मग खांबाकडे बघत, कुणी न विचारताच त्या म्हणाल्या, "एकटीनं काढायची ठरली व्हती. मी हारले. दिवाळीनंतर बोलव तुज्या मानसाला."

मुलगा खाली उभा होता, आम्ही सगळे उभे राहायचो तिथेच. रुमालानं हाताची धूळ पुसत तो म्हणाला, "क्लीनर कुणी मोजतं का, आई? अण्णांनी कधी मला मोजलं?"

मावशींनी चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा लावला आणि मला म्हणाल्या, "उतर पोरा. त्येची सीट हाय ती."

मी उतरलो. मुलगा पलीकडून चढला आणि त्यानं दार ओढून घेतलं. मावशींनी पुन्हा इंजिन चालू केलं, आता वडगावापर्यंत जाऊ म्हणाल्या. ट्रक गेटात आला. क्लीनर आज वर बसला होता, खाली दुसरं कुणी नव्हतं. मी डाव्या अंगाला गेलो, खांब नीट पाहिला आणि पत्र्यावर दोन थापा मारल्या.